आईच्या डोक्यातला केसपेपर

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायचा तर नागपुरात जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढावी लागते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला एक स्थानिक स्तर समिती दिली आहे. जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती तिच्यावर असतात. समितीनं पालक नेमला की त्यानं सहा महिन्यांच्या आत त्या माणसाच्या स्थावर मालमत्तेची आणि येण्या-देण्याची यादी सादर करायची, पुढे दर आर्थिक वर्षाचा हिशेब द्यायचा. तरतूद चांगली आहे, आणि महाल या शहराच्या जुन्या भागासाठी तर फारच गरजेची. इथल्या जुन्या वाड्यांच्या वाटण्या निघतात, बिल्डर येतो, चार भावांच्या सह्या होतात आणि पाचव्या, भोळ्या भावाचा हिस्सा कुणाच्या लक्षातही न येता विरघळून जातो. कायद्यानं निदान तेवढ्यावर नजर ठेवली.

त्याच्या देहाची यादी मात्र कुणी मागत नाही. झटका आला तर तो कोणत्या अंगावर कलतो, झटक्याची गोळी किती वर्षांपासून चालू आहे आणि मध्ये ती कुणी, का बदलली, किती दिवस शौचाला झालं नाही तर काळजी करायची, कोणता घास हमखास ठसक्यात जातो, दुखायला लागल्यावर तो रडतो, हसतो की गप्प होतो. हे सगळं बहुतेक घरांत एकाच माणसाला माहीत असतं. ती त्याची आई. ती आज पंच्याहत्तर-ऐंशीची असते. कागदावर यातलं काही नसतं, कारण तिला ते कागदावर लिहायची गरज कधी पडली नाही आणि तिला तसं कुणी विचारलंही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आईजवळचं हे ज्ञान वैद्यकीय ज्ञान आहे, आणि ती हयात असताना ते शिकलेल्या नर्सच्या हाती गेलं पाहिजे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या म्हातारपणाची शुश्रूषा तिथून सुरू होते. तसं झालं नाही तर पुढे कितीही चांगलं रुग्णालय, कितीही प्रेमळ भाऊ-वहिनी, कितीही स्वच्छ वसतिगृह मिळालं तरी त्या माणसावर उपचार अंधारातच होणार.

हा प्रश्न आपल्या आजी-पणजीच्या पिढीला पडला नव्हता, कारण अशी माणसं तेव्हा सहसा म्हातारी होत नसत. डाऊन सिंड्रोमचं उदाहरण सगळ्यांत स्पष्ट आहे. १९२९च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत या मुलांचं सरासरी आयुष्य ९ वर्षांच्या आसपास धरलं जाई. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते २५च्या घरात आलं, आणि आज तिथे ते ६०च्या आसपास आहे. प्रतिजैविकं आली, जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि या मुलांना घरापासून तोडून मोठमोठ्या आश्रयगृहांत कोंडण्याची पद्धत मागे पडली. आपल्याकडेही २०११च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेच्या गटात सुमारे १५ लाख माणसं नोंदली गेली, आणि त्यातली चाळिशी-पन्नाशीची माणसं आता कुठल्याही जुन्या वस्तीत दिसतात. महालात ती मला दिसत आली आहेत. कल्याणेश्वराच्या आरतीला सगळ्यांत आधी येऊन उभा राहणारा, मारबतीच्या दिवशी ढोलापुढे नाचणारा, शेजारच्या चार घरांचं दूध न चुकता आणून देणारा, ज्याला गल्लीतली दहा वर्षांची पोरंही एकेरी हाक मारतात असा माणूस. त्याचे केस पांढरे झाले, पाठीला बाक आला, तरी गल्लीच्या मनात त्याचं वय वाढलेलं नसतं. डॉक्टरच्या मनातही बरेचदा नसतं.

सरकारच्या मनात तर त्याचं म्हातारपण येतं ते साठाव्या वर्षी, इतर सगळ्यांसारखं. २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा, २०१०-११ मध्ये सुरू झालेला वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम, बसमधल्या सवलती, सगळ्यांनी साठीची किंवा तिच्या पुढची रेषा धरली. डाऊन सिंड्रोमला ही रेषा फार उशिराची आहे. अल्झायमरशी संबंध असलेल्या एका प्रथिनाचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतं, आणि या माणसांत ते गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा साठलेल्या असतात, आणि पन्नाशीच्या आगेमागे पुष्कळांत स्मृतिभ्रंश उघड दिसू लागतो. मोतीबिंदू, ऐकू कमी येणं, थायरॉइड मंदावणं, हाडं ठिसूळ होणं, बाईची पाळी लवकर जाणं, हेही आधीच येतं. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं देशातल्या वृद्धत्वाचा अभ्यास हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण नागरिक ५० वर्षांपासून पुढचे घेतले, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी जोडीचा अभ्यास काढला त्यात ४० वर्षांपासूनचे. ही दहा वर्षं त्यांनी मान्य केली. आपल्याकडच्या कुठल्याही योजनेत ती दहा वर्षं धरलेली नाहीत. बावन्नाव्या वर्षी ज्याला स्मृतिभ्रंश झाला तो आपल्या कागदपत्रांत ज्येष्ठ नागरिकही नाही आणि मूल तर नाहीच.

आता नर्सिंगकडे येते. आजारी माणसाचा अर्धा इलाज त्याच्या बोलण्यात असतो. कुठे दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे तो सांगतो आणि डॉक्टर त्यावर पुढचं रचतात. ज्याला हे सांगता येत नाही त्याची हकिगत त्याच्या वागण्यात शोधावी लागते, आणि वागणं वाचायचं तर आधीचं वागणं माहीत हवं. डोक्यावर हात मारून घेणारा माणूस चिडलेला असेल, किंवा त्याची दाढ किडलेली असेल. जिना उतरायला अचानक नकार देणारा हट्टी झाला असेल, किंवा मोतीबिंदूमुळे त्याला पायरीची खोली कळत नसेल. हाक मारल्यावर न येणारा आळशी झाला असेल, किंवा कानात मळ साचून दगड झाला असेल. दिवसभर पडून राहणारा म्हातारा झाला असेल, किंवा त्याचं थायरॉइड मंदावलं असेल, आणि ते रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळून रोजच्या एका गोळीनं सुधारतं. प्रत्येक वेळी पहिलं उत्तर फुकट आणि सोपं असतं, म्हणून तेच दिलं जातं. १९८२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं होतं. एकाच माणसाच्या त्रासाचं वर्णन मानसतज्ज्ञांना दिलं. त्यात बौद्धिक अक्षमतेचा उल्लेख असला की तोच त्रास त्यांना कमी महत्त्वाचा वाटू लागे. जुन्या निदानाखाली नवा आजार झाकला जातो. घरच्या भाषेत याला 'तो असाच आहे' म्हणतात, आणि या तीन शब्दांनी किती माणसं अकाली गेली असतील याचा विचार करवत नाही.

महालातल्या एका वृद्ध आईनं मला सांगितलं होतं, "याला काही होऊन राहिलं की हा भर उन्हाळ्यात कूलर बंद करायला लावतो. थंडी वाजते म्हणून नाही. आवाज सहन होत नाही त्याला. मग मी समजते, डोकं दुखतंय." तिच्या धाकट्या मुलाला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "दादा ऊन लागल्यासारखा वागतो मे महिन्यात." दोघंही त्याच्यावर सारखंच प्रेम करणारे. पण एकीजवळ पन्नास वर्षांचं निरीक्षण होतं. ते नुसतं वात्सल्य होतं असं मी म्हणणार नाही, कारण दवाखान्यात याच कौशल्याला आपण पगार देतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. उन्हाळा आला की महापालिकेचा उष्माघाताचा आराखडा निघतो, वर्तमानपत्रांत सूचना येतात: भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका. ज्याला तहान लागल्याचं सांगता येत नाही त्याला या सूचनेचा काय उपयोग? त्यातही यांच्यातले बरेच जण वर्षानुवर्षं मनोविकाराची औषधं घेत असतात आणि त्यांच्या जोडीला हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेनसारखी गोळी. या गोळीनं तोंड कोरडं पडतं, घाम कमी येतो, आतडी मंदावतात आणि उतारवयात गोंधळ वाढतो. मे महिन्यात घामच न येणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. झटक्यांसाठी दिलेलं फेनिटॉइन तीस वर्षं चालू राहिलं तर हाडं कमजोर होतात, हिरड्या वाढतात. कुणी वाईट हेतूनं हे केलेलं नसतं. विसाव्या वर्षी कुणीतरी गोळी सुरू केली आणि पन्नासाव्या वर्षीही ती चालू आहे, इतकंच. ती अजून हवी का, हे विचारणारं कुणी नसतं, कारण प्रत्येक नवा डॉक्टर जुन्या चिठ्ठीवरून पुढची चिठ्ठी लिहितो.

आणि बद्धकोष्ठता. हा शब्द वैचारिक लेखात कुणी लिहीत नाही, पण या विषयात त्याहून महत्त्वाचा शब्द नाही. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात २०१२ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेला ३३ वर्षांचा तरुण तुंबलेल्या आतड्यांच्या गुंतागुंतीनं रुग्णालयात वारला. त्याला हा त्रास जन्मभर होता आणि त्याच्या घरच्यांना तो सांभाळता येत होता. त्या देशात बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या मृत्यूंचा पद्धतशीर आढावा घेतला जातो. त्यातून दिसलं की ही माणसं इतरांपेक्षा सुमारे २० वर्षं आधी जातात, आणि टाळता आले असते अशा मृत्यूंचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या जवळपास दुप्पट आहे. श्वसनाचे आजार, घास श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया, ही मोठी कारणं. यातलं एकही कारण सुपर स्पेशालिटीचं नाही. शौचाचे दिवस मोजणं, जेवताना ताठ बसवणं, जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ न देणं, पातळ पाण्यापेक्षा थोडं दाट ताक किंवा पेज देणं, कोरड्या पोह्यांचा भुरभुरीत घास टाळणं, दात पाहणं, वजन लिहून ठेवणं. हे सारं नर्सिंग आहे. पोह्यांवर तर्री घालून ते मऊ करून द्यायचं हे महालातल्या आईला कुणी शिकवलं नाही; मुलगा दोनदा ठसकला आणि तिनं ते शोधून काढलं.

जिथे नर्सिंग नसतं तिथे त्याची जागा सुरी घेते किंवा गोळी घेते, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याजवळच्या शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेनं काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी रान उठवलं आणि वाद झाला तो संमतीचा आणि हक्काचा, आणि तो व्हायलाच हवा होता. मला त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट दिसते. पाळीची घडी बदलून देणारी, ती बदलायला हळूहळू शिकवणारी पुरेशी माणसं नव्हती, आणि माणसांची ती उणीव बाईचा अवयव काढून भरून काढली गेली. त्या मुली आज पन्नाशीच्या आगेमागे असतील. गर्भाशय काढलेल्या बाईची रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते, आणि त्याच्यामागून हाडांची झीज येते. म्हणजे काळजीचा खर्च वाचला नाही, तो फक्त तिच्या म्हातारपणावर ढकलला गेला. आज प्रौढांना झोपाळू ठेवणारी औषधं देऊन वॉर्ड शांत ठेवला जातो तेव्हाही हेच घडत असतं.

नागपूरला हा विचार परका वाटू नये. कमलाताई होस्पेट नर्स होत्या. लहान वयात विधवा झालेली ही बाई नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्या शिकली आणि १९२१ मध्ये तिनं मातृसेवा संघ काढला. महालातही संघाचं प्रसूतिगृह आहे, आणि इथल्या पुष्कळ कुटुंबांत कुणाचा ना कुणाचा जन्म मातृसेवा संघातला असतो. त्या काळी बाळंतपणाचं सगळं ज्ञान घरातल्या बायकांकडे आणि सुईणीकडे होतं. त्यातलं बरंच मोलाचं होतं, काही जीवघेणं होतं, आणि दोन्ही एकत्र मिसळलेलं होतं. कमलाताईंनी घरातल्या या ज्ञानाशेजारी शिकलेली नर्स उभी केली. त्यांचं हे मोठेपण आपण पुरतं ओळखलेलं नाही असं मला वाटतं. त्यांना पद्मश्री मिळाली, जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, पण त्या नर्स होत्या हे आपण समाजसेविका या शब्दाखाली झाकून टाकलं. पुढे संघानं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नंदनवन काढलं आणि वृद्धांसाठी पंचवटी. जन्म, अपंग बालपण आणि म्हातारपण, तिन्हींना या शहरात एका नर्सच्या संस्थेनं जागा दिली. आता जो एकाच वेळी अपंगही आहे आणि म्हाताराही, त्याचा विचार करण्याची पाळी आपल्या पिढीवर आली आहे, कारण तो माणूसच आपल्या पिढीत जन्माला आला.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आमच्याकडे कुटुंब आहे, पाश्चात्त्यांसारखं आम्ही टाकून देत नाही. हे अभिमानानं म्हटलं जातं आणि त्यात तथ्यही आहे. महालातल्या वाड्यांनी अशा माणसांना जे दिलं ते कुठल्याही संस्थेला देता आलं नसतं: ओळखीची गल्ली, रोजचं काम, नावानं हाक मारणारी दोनशे माणसं. पण कुटुंब म्हणजे नेमकं कोण, हेही विचारायला हवं. आईनंतर ती जबाबदारी अविवाहित बहिणीवर येते, नाहीतर धाकट्या सुनेवर. ती नोकरी करणारी असते, तिची स्वतःची मुलं दहावी-बारावीत असतात, आणि मोठ्या दिरानं आयुष्यात तिच्या हातून कधी अंघोळ घालून घेतलेली नसते. तिला त्याची लाज, त्याला तिची लाज. बायकांच्या या मूक कामाला संस्कृतीचं नाव देऊन मोकळं होणं मला मान्य नाही. शिवाय प्रेमाला थायरॉइड दिसत नाही. मग काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोतून माणूस ठेवला जातो. बारा तासांची पाळी, प्रशिक्षण बेताचं, दोन महिन्यांनी बदली. तो प्रामाणिक असतो, पण त्याला काय पाहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, कारण सांगणारी गेलेली असते.

दुसरं उत्तर हळू आवाजात येतं. 'माझ्या आधी तो गेलेला बरा.' आईही हे म्हणते, आणि तिच्या तोंडून ते येतं तेव्हा त्यामागची भीती मला कळते. पण हेच वाक्य दवाखान्यात, वॉर्डात, नातेवाइकांच्या बैठकीत उच्चारलं जातं तेव्हा ते निर्णय होऊन बसतं. मग न्यूमोनिया झालेल्या पन्नाशीच्या माणसाला अतिदक्षता विभागात न्यायचं की नाही हे त्याच्या फुप्फुसांवरून न ठरता त्याच्या बुद्ध्यांकावरून ठरतं. याला मी अन्याय म्हणते, आणि कायदाही म्हणतो. २०१६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचं पंचविसावं कलम सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश सांगतं, तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य सांगतं. चोविसाव्या कलमात मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. कागद अपुरा नाही.

आई गेल्यावर कुठे ठेवायचं, हा प्रश्न विदर्भात सगळ्यांत ठामपणे शंकरबाबा पापळकरांनी विचारला. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला त्यांनी टाकून दिलेली १२३ अपंग मुलं वाढवली, त्यांच्या कागदांवर वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. कायदा सांगतो की १८ वर्षं पूर्ण झाली की बालगृह सोडायचं. त्यांनी विचारलं, ज्याला स्वतःचा शर्ट घालता येत नाही त्यानं अठराव्या वाढदिवशी कुठे जायचं? अशा मुलांना आजन्म संस्थेत राहू द्या, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोंबिवलीजवळचं घरकुल, बदलापूरचं आधार, मुळशीतल्या कोळवणचं साधना व्हिलेज या निवासी संस्था त्याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि त्यांतली पहिली दोन पालकांनीच एकत्र येऊन उभारली. पण तिथेही पुढचा प्रश्न दारात आहे. राहणारे म्हातारे होत आहेत, आणि आयुष्यभराचं घर ही जागेची व्यवस्था झाली. तिथे रात्री दोन वाजता श्वासाची घरघर ऐकून हे नेहमीचं घोरणं की काही वेगळं, हे ओळखणारं कुणी असलं तर ते घर. नाहीतर ते वसतिगृहच.

मनोरुग्णालय हा पर्याय नव्हे, हेही एकदा स्पष्ट म्हणायला हवं. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, आणि अडलेल्या कुटुंबाला अजूनही आधी तेच आठवतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. ते योग्यच झालं. पण वगळल्यावर तो माणूस वैद्यकशास्त्राच्या कुणाकडे द्यायचा, हे कुणी ठरवलं नाही. अठरा वर्षांपर्यंत बालरोगतज्ज्ञ त्याला ओळखत होते. त्यानंतर तो मेडिसिनच्या ओपीडीतल्या रांगेत एक अनोळखी, गोंगाट करणारा माणूस होतो. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही तेच. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हा विषय मानसिक आरोग्याच्या पेपरात बाल आणि किशोरवयातल्या विकारांच्या प्रकरणात बसवलेला आहे. म्हणजे आमची नर्स शिकून बाहेर पडते तेव्हा तिच्या पुस्तकातला हा रुग्ण अकरा-बारा वर्षांचा असतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बौद्धिक अक्षमतेच्या परिचर्येची स्वतंत्र पदवी आणि स्वतंत्र नोंदणी आहे. तसं इथे उद्या होणार नाही. नर्स मुळातच कमी आहेत आणि ज्या आहेत त्यांच्यावर एकेका वॉर्डात किती खाटांचा भार असतो हे नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत एक रात्र काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. नवी शाखा मागण्याइतकी मी भाबडी नाही.

पण एक गोष्ट नागपुरात आताच होऊ शकते, आणि तिला नवी इमारत लागत नाही. शहरातल्या नर्सिंग कॉलेजांच्या मुली सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला वस्त्यांतून फिरतात, घरोघरी कुटुंबाची पत्रिका भरतात. महालात, इतवारीत, जुन्या शुक्रवारीत जिथे चाळिशी ओलांडलेला असा माणूस असेल त्या घरी त्यांनी त्याच्या आईसमोर बसावं आणि तिची उलटतपासणी घ्यावी. त्याचं नेहमीचं चालणं, जेवणं, बोलणं फोनवर चित्रित करून ठेवावं, कारण स्मृतिभ्रंश सुरू झाला की नाही हे ठरवायला पूर्वी तो कसा होता याचाच पुरावा लागतो. डाऊन सिंड्रोममध्ये बरेचदा विसरण्याआधी स्वभाव बदलतो, आणि ते दाखवायला दुसरा पुरावा नसतो. गोळ्यांची पूर्ण यादी, त्या कधी सुरू झाल्या याच्यासह, दुखण्याच्या खुणा, घासाचा प्रकार, शौचाचा नेम, कोणाच्या हातून तो इंजेक्शन घेतो आणि कोणाच्या नाही. दोन पानं पुरतात. चाळिशीपासून दरवर्षी ती पुन्हा तपासायची, सोबत थायरॉइड, डोळे, कान, दात आणि वजन. एक प्रत घरी, एक जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात, आणि रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर ती पानं केसपेपरला सर्वांत वर लावायची. भरती असताना ओळखीचं माणूस रात्रंदिवस जवळ राहील, मग तो पुरुषांचा वॉर्ड असो आणि ओळखीचं माणूस बाई असो, हा नियम रुग्णालयांनी लेखी करावा.

आणि स्थानिक स्तर समितीनं पालक नेमताना मालमत्तेच्या यादीबरोबर ही दोन पानं मागावीत. मागायला कायदा आड येत नाही. पालकाच्या कर्तव्यांत त्या माणसाच्या देखभालीचा उल्लेख आहेच. अर्जासोबत आईची सही असलेली ती पानं जोडलेली असतील, आणि खाली त्या भरणाऱ्या नर्सचं नाव व नोंदणी क्रमांक असेल, तर उद्या पालक झालेल्या भावाला किंवा पुतण्याला पहिल्याच दिवसापासून माहीत असेल की दादानं कूलर बंद करायला लावला म्हणजे त्याला आधी काय विचारायचं आणि कोणती गोळी द्यायची नाही. हे सांगायला लागणारी बाई आज महालात आहे. तिचं वय आपण पाहतो आहोत, आणि विचारायला जायला आपल्याकडे फार वर्षं नाहीत.